कोल्ड स्टोरेजची सबसिडी घेताय? आधी गॅस ठरवा

बेदाण्याचा हंगाम उरकत आला की माझा फोन वाजायला लागतो. "साहेब, स्टोरेज टाकायचं म्हणतोय, सबसिडी किती बसंल?" हा पहिला प्रश्न. मग जागा, मग बँक, मग सोलर बसवू का. खोली थंड करणारा गॅस कुठला घ्यायचा, हे मला आजवर फार तर चार-पाच जणांनी विचारलं असेल. तो प्रश्न मीच विचारतो आणि समोरचा हमखास म्हणतो, "ते कंपनीवाला बघंल की."

कंपनीवाला बघतो, पण त्याच्या सोयीचं. मी आधी दहा वर्षं अमोनिया प्लांटवर ऑपरेटर होतो, आता तासगाव-मिरज पट्ट्यात प्रोजेक्ट रिपोर्ट तयार करून देतो. दोन्हीकडून पाहिलंय, म्हणून नव्याने या धंद्यात उतरणाऱ्यांसाठी हे सगळं क्रमाने लिहितोय.

आधी एक गैरसमज काढून टाका

"पर्यावरणपूरक गॅस घेतला तर सरकार जादा पैसे देतं" असं कुणी सांगत असेल तर त्याला योजनेचं नाव विचारा. तुमच्या-माझ्यासारख्या वापरणाऱ्याला निव्वळ गॅसच्या नावावर पैसे देणारी केंद्राची योजना माझ्या कामात मला भेटलेली नाही.

गॅस बदलण्यासाठीचा थेट पैसा येतो तो ओझोनचा थर वाचवण्यासाठी देशोदेशींनी केलेल्या मॉन्ट्रियल कराराच्या बहुपक्षीय निधीतून. आपल्याकडे पर्यावरण मंत्रालयाचा ओझोन सेल तो हाताळतो आणि तो जातो उत्पादक कंपन्यांना त्यांच्या लाइनी बदलायला, शिवाय मेकॅनिकच्या प्रशिक्षणाला. एसीच्या सुट्या भागांसाठी २०२१ मध्ये आलेली ६,२३८ कोटींची उत्पादन-प्रोत्साहन योजना (तिच्यात एलईडीही आहेत) तीसुद्धा कारखानदारांचीच. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तो सगळ्याच एसींवर. आत प्रोपेन आहे की आणखी काही, हे कुणी बघत नाही.

मग आपल्यासाठी काय? खोली, मशिनरी आणि कर्जाचं व्याज, यांवर मदत आहे आणि ती चांगली घसघशीत आहे. तिच्यात गॅस कुठला घ्यायचा हे बहुतांशी तुमच्या हातात राहतं. म्हणजे चुकीचा गॅस घेतला तरी सबसिडी मिळू शकते. फटका नंतर बसतो.

तारखा भिंतीवर लिहून ठेवा

बावीस नंबर, म्हणजे आर-२२. जुन्या खोल्यांमध्ये अजून हाच आहे. हा ओझोन खाणारा गॅस. करारानुसार २०२५ पासून आपल्यासारख्या देशांना या गटातल्या गॅसचा वापर आधार-पातळीपेक्षा ६७.५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे आणि २०३० नंतर दुरुस्तीपुरता चिमूटभर उरणार आहे. कुणी तुम्हाला "स्वस्तात मस्त" म्हणून बावीस नंबरची जुनी युनिटं दाखवली तर चहा प्या आणि उठा.

त्याच्या जागी आलेले चारशे चार, चारशे दहा, एकशे चौतीस हे ओझोनला धक्का लावत नाहीत, पण पृथ्वी तापवतात. कार्बन डायऑक्साइडची ताकद १ धरली तर आर-४०४ए ची ३,९२२, आर-४१०ए ची २,०८८, आर-१३४ए ची १,४३०. खोलीतून १० किलो चारशे चार गळला तर ३९ टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडल्यासारखं झालं. या गटालाही त्याच कराराच्या किगाली दुरुस्तीने वेसण घातली आहे. भारताने ती सप्टेंबर २०२१ मध्ये स्वीकारली. २०२८ मध्ये वापर गोठणार, २०३२ मध्ये १० टक्के कपात, २०३७ मध्ये २०, २०४२ मध्ये ३० आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के.

"२०४७ ला मी कुठं असणार?" असं एक बागायतदार मला म्हणाले. खरंय. पण तुमचं कर्ज सात वर्षांचं आणि खोली पंचवीस वर्षांची. युरोपात कोटा आवळला गेला तेव्हा २०१७-१८ मध्ये चारशे चारचे भाव कित्येक पटींनी चढले होते. आपल्याकडे तसंच होईल असं नाही, पण गळक्या खोलीत दरवर्षी भरायचा गॅस कुठल्या दिशेने महागणार, एवढं यातून कळतं.

तुमच्या कामाला कुठला गॅस?

इथे घाई करू नका.

मोठं स्टोरेज असेल, म्हणजे पाचशे-हजार टन बेदाणा, हळद, बटाटा, तर अमोनिया. त्याच्यात नवं काहीच नाही, आपल्याकडचे बर्फाचे कारखाने पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर चाललेत. ओझोनला धक्का शून्य, पृथ्वी तापवण्याची ताकद शून्य. एक किलो अमोनिया वाफ होताना जेवढी उष्णता ओढतो, ती आर-२२ च्या पाचपटीहून जास्त. गॅस स्वस्त, गावोगावी मिळणारा. या गॅसला जगातल्या कुठल्याही कराराची भीती नाही.

भीती आहे ती त्याच्या वासाची आणि विषारीपणाची. मी कामाला लागलो त्या वर्षीची गोष्ट. एका व्हॉल्व्हचं ग्लँड पॅकिंग ढिलं झालं होतं. वास येत होता, पण जागा सापडेना. वस्तादांनी गंधकाची कांडी पेटवली आणि पाइपाच्या कडेकडेने फिरवत नेली. एका ठिकाणी कांडीभोवती दाट पांढरा धूर उठला. "हितं हाय बघ." मी उत्साहाने वाकून बघायला गेलो आणि वस्तादांनी कॉलर धरून मागे ओढलं. वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं राहायचं नाही, हा धडा तेव्हापासून पक्का आहे. वास नाकाला लगेच कळतो, हेच या गॅसचं मोठेपण. बाकीचे गॅस गुपचूप जातात.

अमोनिया घेतला तर काही खर्च गृहीत धरावेच लागतात. पाइप लोखंडाचेच, कारण तांबं-पितळ या गॅसला चालत नाही. मशीनरूम वेगळी, वारा खेळती, दोन दरवाजांची. गळती ओळखणारे सेन्सर, मुखवटे, डोळे धुवायला पाण्याचा नळ, छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी. आणि चोवीस तास माणूस. घरचा पोरगा मोबाइल बघत बघत सांभाळेल असा हा प्लांट नाही.

ताजी द्राक्षं ठेवायची असतील तर आणखी एक विचार करा. अमोनिया खोलीत गळला तर मालाचा रंग जातो आणि लाखाचे बारा हजार होतात. त्यावर उपाय म्हणजे अमोनिया मशीनरूममध्येच ठेवायचा आणि खोल्यांमध्ये थंड केलेलं ग्लायकोल (सहज न गोठणारं द्रावण) फिरवायचं. खर्च वाढतो, वीज थोडी जास्त लागते, पण निर्यातीच्या मालाला मी हेच सुचवतो.

आता छोटी खोली. पाच-दहा टनांची, शेतावरची किंवा भाजीच्या दुकानामागची. इथे अमोनियाचं नाव काढू नका, ते मुंगीला नांगर जुंपणं होईल. इथे बाजारात तुम्हाला सर्रास चारशे चारच दाखवतील. आधी प्रोपेनवर, म्हणजे आर-२९० वर चालणारं तयार युनिट मिळतं का ते विचारा. त्याची तापवण्याची ताकद ३ च्या आसपास. मात्र तो पेट घेणारा गॅस, घरच्या सिलिंडरचाच भाऊ. म्हणून एका सर्किटमध्ये किती भरायचा यावर बंधन असतं. दुकानी फ्रीजरसाठी ते वर्षानुवर्षं १५० ग्रॅम होतं, २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाने ते साधारण ५०० ग्रॅमपर्यंत वाढवलं. त्यामुळे एका मोठ्या युनिटऐवजी दोन-तीन छोटी लावतात. एक बंद पडलं तरी दुसरं चालू राहतं, हा फायदा दुकानदाराला सांगावा लागत नाही.

एक काम मात्र कधीच करू नका. जुन्या बावीस नंबरच्या युनिटात "सेम प्रेशर येतंय" म्हणून स्वयंपाकाचा गॅस किंवा प्रोपेन भरून देणारे मेकॅनिक आहेत. त्या युनिटाचे स्विच, रिले, वायरिंग पेट घेणाऱ्या गॅससाठी केलेलं नसतं. थंडावा येतो, हे खरं. आगही येते.

आइसक्रीमचा डीप फ्रीजर, दुकानातला बाटल्यांचा कूलर किंवा घरचा फ्रीज घेणाऱ्यांनी मागच्या बाजूची पट्टी वाचावी. आर-६००ए किंवा आर-२९० लिहिलं असेल तर ठीक. घरच्या एसीत बहुतेक ठिकाणी आर-३२ मिळेल. त्याची ताकद ६७५ आहे, म्हणजे चारशे दहाच्या एक तृतीयांश. प्रोपेनचे एसीही भारतात २०१२ पासून बनतायत. या वस्तूंसाठी पुढचं सबसिडीचं पुराण वाचायची गरज नाही.

कुठल्या दारात जायचं?

शेतमालाचं स्टोरेज असेल तर पहिलं दार एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाचं. अनुदान साधारण भागात ३५ टक्के, डोंगरी आणि आदिवासी भागात ५० टक्के. इथे नवखा माणूस फसतो तो एका शब्दात: "मापदंड". टक्केवारी तुमच्या खर्चावर मिळत नाही, सरकारने ठरवलेल्या टनामागच्या दरावर मिळते. २०१४ च्या सूचनांत साध्या स्टोरेजला टनाला ८,००० रुपये धरले होते. म्हणजे हजार टनांना ८० लाख आणि त्याचे ३५ टक्के २८ लाख. तुम्ही सव्वा कोटी घातले तरी २८ च. हे दर २०२५ मध्ये सुधारले आहेत, म्हणून माझा आकडा पद्धत समजण्यापुरता घ्या आणि चालू दरांचा कागद तालुका कृषी कार्यालयातून मागून घ्या. जुन्या स्टोरेजमधली मशिनरी आणि इन्सुलेशन बदलायलाही याच अभियानात वेगळा घटक आहे. बावीस नंबरमधून बाहेर पडू पाहणाऱ्यांनी तो जरूर विचारावा, कारण तो कुणी आपणहून सांगत नाही.

दुसरं दार कृषी पायाभूत सुविधा निधीचं. इथे अनुदान नाही, व्याजात सूट आहे: २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के, जास्तीत जास्त सात वर्षं. एक कोटी कर्ज असेल तर पहिल्या वर्षी साधारण तीन लाख वाचतात. कर्जाच्या हमीची फीसुद्धा सरकार भरतं. ही सूट फलोत्पादनाच्या अनुदानाबरोबर घेता येते. बँकेतला नवा अधिकारी कधी कधी "दोन्ही मिळत नाही" म्हणतो, तेव्हा शांतपणे योजनेची सूचना पुढे ठेवायची.

कोकणात आणि गोव्यात मासळीसाठी बर्फाचा कारखाना किंवा शीतगृह असेल तर मत्स्यसंपदा योजना. १० टनांच्या युनिटचा खर्च ४० लाख धरतात, त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. घरगुती स्वरूपाच्या प्रक्रिया उद्योगाला सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना: ३५ टक्के, कमाल १० लाख. किसान संपदा योजनेत १० कोटींपर्यंत मदत आहे, पण एकट्या स्टोरेजला नाही. शेतापासून वाहतुकीपर्यंतची साखळी दाखवावी लागते. नवख्याने त्या वाटेला सुरुवातीलाच जाऊ नये, असं माझं मत.

चालू उद्योगातली मशीन बदलायची असेल तर ऊर्जा दक्षता ब्युरोची जुलै २०२५ मध्ये आलेली योजना पाहा. तिचं छोटं नाव आदिती. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना कर्जाच्या व्याजात ५ टक्के सूट, मध्यमांना ३. मासळी आणि अन्नप्रक्रिया ही दोन्ही क्षेत्रं यादीत आहेत. अट एवढीच की निदान १० टक्के वीज वाचल्याचं दिसलं पाहिजे. जुना कॉम्प्रेसर आणि गळका कंडेन्सर काढला तर ते अवघड नाही.

यांतल्या बऱ्याच योजनांची ठरलेली मुदत मार्च २०२६ पर्यंतची होती. तेव्हा अर्जाआधी मुदतवाढीचं पत्र बघायला मागा. तोंडी "चालू आहे" चालत नाही.

कोटेशन वाचायला शिका

आता मुद्द्याची गोष्ट. मागच्या साली एका जोडप्याने माझ्यापुढे दोन कोटेशनं टाकली. एक साडेचार लाखांनी स्वस्त. मी दोन्हींत गॅसची ओळ शोधली. महागात लिहिलं होतं: अमोनिया, आर-७१७, पहिला भरणा इतके किलो, कॉम्प्रेसर दोन, एक राखीव. स्वस्तात एकच शब्द होता: "सुटेबल". वहिनींनीच विचारलं, "सुटेबल म्हणजे कुणाला सुटेबल?" आम्ही फोन लावला. चारशे चार निघाला, आणि राखीव मशीन नव्हतंच. साडेचार लाख कुठे गेले ते लगेच कळलं.

तुमच्या कोटेशनमध्ये या गोष्टी लेखी हव्यात: गॅसचं नाव आणि नंबर, पहिला भरणा किती किलो, गळती तपासणीची पद्धत आणि दाब, पहिल्या दोन वर्षांत गॅस भरावा लागला तर कुणाच्या खर्चाने, आणि पूर्ण भारावर विजेचा खप किती युनिट. शेवटच्या दोन मुद्द्यांवर विक्रेता चुळबुळ करतो. करू द्या.

हीच माहिती पुढे सबसिडीच्या अर्जासोबतच्या तांत्रिक माहितीपत्रकात भरायची असते. माझ्या सुरुवातीच्या एका फाइलीत कोटेशनमध्ये एक गॅस आणि माहितीपत्रकात दुसरा होता. फाइल परत आली, त्यात दोन महिने गेले आणि तोवर हंगाम उलटला. चूक माझी होती, मी जुना नमुना तसाच छापला होता.

क्रम चुकला की पैसे गेले

आधी शेतकरी ओळख क्रमांक, कारण एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांना तो लागतोच. मग सातबारा, आठ-अ, जमीन बिगरशेती लागते का याची तलाठ्याकडे चौकशी. मग प्रोजेक्ट रिपोर्ट आणि बँकेची तत्त्वतः मंजुरी. मग महाडीबीटीवर अर्ज. मग पूर्वसंमती. आणि त्यानंतरच पहिला रुपया मशिनरीवर.

हा "त्यानंतरच" मी ठळक शाईत लिहून देतो, तरी लोक मुहूर्ताच्या नादात आधी कॉम्प्रेसर उचलतात. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल फाइलीत दिसलं की तो खर्च गेला म्हणून समजा. शिवाय मोठ्या प्रकल्पात अनुदान कर्जाशी जोडलेलं असतं आणि ते तुमच्या हातात पडत नाही. बँकेत राखीव खात्यात बसतं आणि शेवटी कर्जात वळतं. त्यामुळे "सबसिडी आली की पत्र्याचे पैसे देतो" असं ठेकेदाराला कबूल करू नका.

मोका पाहणीला अधिकारी येतात तेव्हा कॉम्प्रेसरच्या पाटीवरचा नंबर बिलाशी जुळवतात. पाटीवर रंग फासलेला नसावा. हसू नका, हे झालेलं आहे.

महावितरणच्या जोडणीच्या वेळी "कृषी-इतर" ही वर्गवारी मागा. शेतमालाचं प्री-कूलिंग (साठवण्याआधी माल झटपट थंड करणं) आणि शीतगृह तिच्यात बसतं. औद्योगिक दराने बिल सुरू झालं की ते बदलून घेताना चपला झिजतात. आणि अमोनियाचा टाकी-रिसीव्हर मोठा असेल तर दाबपात्रांचे नियम आणि कारखाना निरीक्षकाची नोंदणी, ही चौकशी बांधकामाच्या आधी करा. मशीनरूमची भिंत पाडून दुसरा दरवाजा काढणाऱ्यांना विचारा.

माणूस आणि वही

२०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्यात एक लाख मेकॅनिकांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं ठरलं होतं. कौशल्य विकास योजनेतून असे वर्ग झाले. तुमचा मेकॅनिक किंवा ऑपरेटर त्यातून गेलाय का, प्रमाणपत्र आहे का, ते बघा. नसेल तर पुढच्या वर्गाला पाठवा. जुना गॅस काढताना तो हवेत सोडतो की मशीनने सिलिंडरमध्ये भरतो, एवढं एक बघितलं तरी माणूस कळतो.

प्लांट सुरू होईल त्या दिवशी एक जाड पुठ्ठ्याची वही घ्या. पहिल्या पानावर तारीख, भरलेला गॅस किती किलो, दोन्ही बाजूंचं प्रेशर, मीटरचं रीडिंग आणि भरणाऱ्याची सही. नंतर कधीही गॅस भरला की किलोसकट नोंद. दोन वर्षांच्या वॉरंटीत विक्रेत्याशी बोलणं निघालं की हीच वही टेबलावर ठेवायची. सही त्याच्याच माणसाची असते.